पोलिओ लसीकरणासाठी परदेशी जाताना: नवख्या स्वयंसेवकासाठी मार्गदर्शक

पोलिओ लसीकरणाच्या कामासाठी परदेशी जावे असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच चित्र असते. बाळाचे तोंड उघडायचे आणि दोन थेंब टाकायचे. हे काम अर्ध्या तासात शिकता येते, आणि ते करायला प्रत्येक देशात तिथलीच माणसे असतात. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडी सेविका असतात तशीच. अवघड असते ते प्रत्येक फेरीत हुकणारे मूल शोधून काढणे आणि त्याच्या घरच्यांनी दार उघडावे इतका विश्वास कमावणे. बाहेरून आलेल्या माणसाचा उपयोग व्हायचा असेल, तर तो या दुसऱ्या कामाला झाला पाहिजे. कुठे जायचे, कोणामार्फत जायचे आणि जाण्याआधी काय शिकायचे, हे सारे ठरवताना हाच निकष ठेवावा असे मला वाटते.

आधी परिस्थिती समजून घ्यावी

जागतिक आरोग्य सभेने १९८८ साली पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा सव्वाशे देशांत हा रोग ठाण मांडून होता आणि दरवर्षी अंदाजे साडेतीन लाख मुलांना त्याने पांगळे केले होते. आज नैसर्गिक पोलिओ विषाणूचा संसर्ग कधीच खंडित झाला नाही असे दोनच देश उरले आहेत, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. या विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार संपल्याचे २०१५ मध्ये आणि तिसरा संपल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. आफ्रिका विभागाला तेच प्रमाणपत्र २५ ऑगस्ट २०२० रोजी मिळाले.

मग आफ्रिकेत अजून मोहिमा कशासाठी, हा प्रश्न नवख्याला पडतोच, आणि त्याचे उत्तर नीट ठाऊक असल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीत विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. लस घेतलेल्या मुलाच्या शौचातून तो काही आठवडे बाहेर पडतो. भोवतालच्या बहुतेक मुलांना लस मिळालेली असेल, तर त्याचा प्रवास तिथेच थांबतो. पण जिथे अनेक मुले लशीविना राहिली आहेत, तिथे तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि बदलत बदलत पुन्हा पांगळे करण्याची ताकद मिळवतो. नायजेरिया, चाड, काँगो, इथिओपिया यांसारख्या देशांत आजच्या मोहिमा मुख्यतः या लसजन्य विषाणूविरुद्ध, त्यातही दुसऱ्या प्रकाराविरुद्ध चालतात. त्यासाठी अधिक स्थिर अशी नवी लस मार्च २०२१ पासून वापरात आली. याशिवाय नैसर्गिक विषाणूही बाहेरून येऊ शकतो. मलावी आणि मोझांबिकमध्ये तो पाकिस्तानातील विषाणूच्या वंशातून पोहोचला होता.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानचा विचार भारतीय स्वयंसेवकाने करू नये. व्हिसाची अडचण उघड आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिथे स्थानिक लसीकरण कर्मचारी आणि त्यांना संरक्षण देणारे पोलीस यांच्यावर वर्षानुवर्षे जीवघेणे हल्ले होत आले आहेत. बाहेरच्या पाहुण्यामुळे पथकाकडे अधिक लक्ष जाते आणि त्याचा धोका पाहुण्याइतकाच, किंबहुना जास्त, त्या पथकाला असतो.

पहिली फेरी आपल्या गावात

परदेशाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागात जावे, पुढची पल्स पोलिओची फेरी कधी आहे ते विचारावे आणि त्या फेरीत काम करण्याची परवानगी मागावी. ही पायरी अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते मात्र जो बूथवर एक रविवार आणि त्यानंतरच्या घरभेटींचे दोन-तीन दिवस टिकत नाही, त्याने परदेशाचा नाद सोडावा, कारण तिथेही याहून वेगळे काही घडत नाही. फक्त ऊन, भाषा आणि जेवण बदलते.

बूथपेक्षा घरभेटींकडे अधिक लक्ष द्यावे. गावठाणातली आणि सोसायट्यांमधली मुले बहुतेक बूथवर येऊन जातात. राहतात ती वीटभट्टीवरची, बांधकामाच्या साइटवरची, उसाच्या फडाशेजारी कोप्या करून राहिलेल्या ऊसतोड टोळ्यांमधली आणि एसटी स्टँडवर आईच्या कडेवर झोपलेली. साखर कारखान्याच्या गाळप हंगामात एखाद्या टोळीच्या कोप्यांवर सकाळी नऊला गेलात, तर मोठी माणसे पहाटेच फडात गेलेली असतात, सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळत बसलेली असते आणि तिला त्याचे वय सांगता येत नाही. अशा वेळी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, किंवा आशाताई काय करते, कोणाला हाक मारते, मुकादमाला कधी गाठते, हे पाहून ठेवावे. उत्तर नायजेरियातील फुलानी गुराख्यांचे तळ असोत वा इथिओपियातील सोमाली प्रांतातले पशुपालक, तिथला प्रश्न हाच असतो. वस्ती हलती आहे आणि यादीत तिचे नाव नाही.

याच वेळी सूक्ष्म कृती आराखडा, म्हणजे सगळे ज्याला मायक्रोप्लॅन म्हणतात तो, हातात घेऊन वाचावा. कोणते पथक कोणत्या दिवशी कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत जाणार, पर्यवेक्षक कोण, लस कुठून उचलायची, नकार देणारी घरे कोणती, हे सगळे त्यात असते. ज्याला हा कागद वाचता येतो, तो कोणत्याही देशात पहिल्या दिवसापासून थोडाफार उपयोगी पडतो.

कोणामार्फत जायचे

स्वतःच्या मनाने एखाद्या देशात जाऊन लसीकरणात हातभार लावता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. मोहीम त्या त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाची असते, आणि जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रोटरी, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी, गेट्स फाउंडेशन व ‘गावी’ ही लशींसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था हे तिचे जागतिक भागीदार असतात. नवख्याला प्रत्यक्षात खुले असणारे मार्ग थोडे आहेत.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सामान्य नागरिकासाठी सर्वांत सोयीचा मार्ग रोटरीचा आहे. रोटरीने १९७९ साली फिलिपिन्समधील मुलांच्या लसीकरणापासून या कामाला सुरुवात केली, १९८५ मध्ये पोलिओप्लस हा कार्यक्रम जाहीर केला आणि पुढे निर्मूलनाच्या जागतिक मोहिमेत ती पहिल्यापासून राहिली. अमेरिका, ब्रिटन, जपान येथील रोटरी सदस्यांचे गट अनेक वर्षे भारतात पल्स पोलिओच्या फेरीसाठी येत आले, आणि तसेच गट इथिओपिया, नायजेरिया, घाना अशा देशांतही जात आले आहेत. सगळा खर्च, म्हणजे तिकीट, व्हिसा, राहणे-जेवणे, ज्याचा त्याने करायचा असतो आणि मुक्काम साधारण आठवडा-दहा दिवसांचा असतो. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, गोवा अशा सर्व भागांत रोटरीचे क्लब आहेत. आपल्या क्लबच्या अध्यक्षामार्फत प्रांताच्या पोलिओप्लस समितीशी संपर्क साधावा आणि समितीने यजमान देशाच्या राष्ट्रीय पोलिओप्लस समितीकडून रीतसर निमंत्रण आणावे, हा क्रम पाळावा. सदस्य नसलेल्यांना काही गट सोबत घेतात. अठरा वर्षांवरील तरुणांसाठी रोटरॅक्ट आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तिथल्या क्लबच्या गटातून भारतातच येण्याची संधी मिळू शकते. त्याला हिंदी आणि मराठी येते, म्हणून त्या गटात त्याचे मोल इतरांपेक्षा जास्त असते.

दहा दिवसांच्या अशा भेटीचा मुलांना किती फायदा होतो, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. गटातील वीस माणसांनी पाजलेले डोस स्थानिक पथकांनीही पाजलेच असते. भेटीचे खरे मोल दोन ठिकाणी असते. परदेशी पाहुणे आल्यामुळे जिल्ह्याचे अधिकारी आणि वृत्तपत्रे त्या फेरीकडे लक्ष देतात, आणि परत गेलेली माणसे पुढची अनेक वर्षे निधी गोळा करतात. या दोन्ही गोष्टी करण्याची तयारी नसेल, तर तिकिटाचे पैसे थेट पोलिओ निधीला देणे अधिक उपयोगाचे ठरेल.

दुसरा मार्ग संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचा. त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे आणि युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना या संस्था त्याच्यामार्फत आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक घेतात. नेमणूक काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत असते आणि निर्वाह भत्ता, विमा, प्रवास यांची सोय केलेली असते. अर्थात इथे नुसती इच्छा पुरत नाही. पदवी, काही वर्षांचा अनुभव आणि इंग्रजीखेरीज आणखी एखादी भाषा यांचे वजन पडते. माहिती व्यवस्थापन, पुरवठा साखळी, समाजसंपर्क, नकाशे तयार करणे अशी कामे निघतात, त्यामुळे डॉक्टर नसलेल्यांनीही आशा सोडू नये. चाड, नायजर, काँगो या देशांत फ्रेंच लागते, म्हणून पुण्या-मुंबईत फ्रेंचच्या परीक्षा दिलेल्यांना इथे सरळ फायदा होतो. अंगोला आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगीज चालते, आणि गोव्यात ती जाणणारी माणसे अजून आहेत.

तिसरा मार्ग अनुभवी सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा आहे. भारतात १९९७ साली राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि त्यातील सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी म्हणून तयार झालेले अनेक डॉक्टर पुढे आफ्रिकेत सल्लागार म्हणून गेले. सीडीसीने १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला ‘स्टॉप’ कार्यक्रमही अशाच लोकांसाठी होता. त्यातील माणसे थेंब पाजत नसत, तर जिल्ह्याची सर्वेक्षण व्यवस्था बसवत. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केल्यापासून या क्षेत्रातला पैसा आटला आहे, त्यामुळे त्या एकाच दारावर विसंबून बेत आखू नये.

एक इशारा इथेच देतो. नेमणुकीसाठी, ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून किंवा व्हिसाच्या प्रक्रियेसाठी पैसे मागणारे पत्र संयुक्त राष्ट्रांच्या नावाने आले, तर ते खोटे समजावे. या संस्था भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

कागदपत्रे आणि स्वतःच्या लशी

निघण्याच्या तारखेच्या निदान तीन महिने आधी या तयारीला लागावे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक असावी. व्हिसा कोणत्या प्रकारचा घ्यायचा हे यजमान संस्थेला लेखी विचारावे, कारण पर्यटक म्हणून शिरून आरोग्यमोहिमेत काम करणे अनेक देशांत नियमबाह्य ठरते. डॉक्टर आणि परिचारिकांनी लक्षात ठेवावे की भारतातील नोंदणीमुळे दुसऱ्या देशात रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही. वस्तीत कोणी आजारी मूल पुढे केले, तरी त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचवणे एवढेच आपले काम असते.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि त्यात चूक झाली तर शिक्षा मायदेशी परतल्यावर भोगावी लागते. ही लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते. मुंबई आणि पुण्यात अशी केंद्रे आहेत. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी तिचे प्रमाणपत्र लागू होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला भारत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो, मग तो कितीही चांगल्या कामाला गेलेला असो. प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात ठेवावे.

पोलिओचा डोस मोठ्यांनाही लागतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पोलिओचा संसर्ग असलेल्या ठरावीक देशांत ये-जा करणाऱ्यांसाठी भारताने २०१४ पासून प्रमाणपत्राची अट घातली आहे. डोस प्रवासाच्या किमान चार आठवडे आधी घ्यायचा असतो आणि त्याची ग्राह्यता एक वर्ष असते. देशांची यादी बदलत असल्याने आरोग्य मंत्रालयाची ताजी यादी पाहावी. याखेरीज टायफॉइड, कावीळ अ, धनुर्वात या लशी आणि सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात जायचे असल्यास मेंदूज्वराची (मेनिंजायटिसची) लस यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने सुरू कराव्यात. लहानपणापासून डास चावत आले आहेत या भरवशावर राहणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि आफ्रिकेतला फॅल्सिपेरम हा जीवघेणा मलेरिया त्यांची गय करत नाही. विमा घेताना रुग्णाला विमानाने दुसऱ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे पॉलिसीचा कागद वाचून पाहावे.

संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षेविषयीचा ‘बीसेफ’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम कोणालाही करता येतो. तो अवश्य करावा.

लशीची ओळख

व्हॅक्सिन कॅरिअर म्हणजे तो खांद्याला अडकवायचा निळा डबा. त्यात बहुधा चार आईसपॅक असतात आणि मध्ये लशीच्या बाटल्या, बर्फाच्या पाण्याने लेबल निघू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या. डब्याचे झाकण गरजेपुरतेच उघडायचे, डबा सावलीत ठेवायचा आणि त्यावर बसायचे नाही. हा शेवटचा नियम फालतू वाटतो. दुपारी दोनला, पाय भरून आल्यावर, त्याचे महत्त्व कळते.

बाटलीच्या लेबलवर किंवा टोपणावर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. हा व्हीव्हीएम, म्हणजे लशीला किती उष्णता लागली ते दाखवणारी खूण. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरता येते. उष्णतेने चौकोन गडद होत जातो. त्याचा रंग गोलाइतका झाला किंवा त्याहून गडद झाला, की ती बाटली बाद. बाटली उचलली की आधी चौकोन पाहायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे. उन्हात रंगांचा अंदाज चुकतो, म्हणून बाटलीवर हाताची सावली धरावी आणि शंका आली तर पर्यवेक्षकाला दाखवावी, स्वतः निकाल देऊ नये.

नेहमीच्या पोलिओ लशीच्या बाटलीत बहुधा दहा किंवा वीस डोस असतात. दुसऱ्या प्रकाराविरुद्धच्या नव्या लशीच्या बाटलीत पन्नास. या नव्या लशीच्या बाबतीत एक कडक नियम आहे. सकाळी घेतलेली प्रत्येक बाटली, रिकामी असो वा भरलेली, संध्याकाळी मोजून परत द्यायची असते, कारण दुसऱ्या प्रकारचा जिवंत विषाणू मोहिमेबाहेर कुठे राहू नये यासाठी तिचा हिशेब जिल्ह्यापर्यंत लागतो. आठवण म्हणून एखादी रिकामी बाटली खिशात टाकणाऱ्या पाहुण्यामुळे पथकाला रात्री उशिरापर्यंत हरवलेली बाटली शोधत बसावे लागते. आपल्या परळच्या हाफकिन महामंडळाने युनिसेफमार्फत परदेशांनाही पोलिओ लस पुरवली आहे, त्यामुळे लेबलवर मुंबईचे नाव दिसले तर आनंद जरूर मानावा, पण बाटली परत द्यावी.

प्रत्यक्ष दिवस

पथके सकाळी सहा-सातच्या सुमारास आरोग्य केंद्रावर जमतात. लस, टॅली शीट (दिलेल्या डोसांची नोंद करायचा कागद), खडू आणि मार्कर पेन मोजून घेतले जातात. पथकात दोन ते चार माणसे असतात: एक थेंब पाजणारी, एक नोंद करणारी, आणि बहुधा वस्तीतलीच एखादी ओळखीची व्यक्ती. आपण पाहुणे म्हणून यांच्या मागे चालायचे असते. उत्तर नायजेरियात परक्या पुरुषाने घराच्या अंगणात पाऊल टाकलेले चालत नाही. आत जाते ती पथकातली बाई आणि पुरुष स्वयंसेवकाने उंबऱ्याबाहेर उभे राहायचे. दारात ‘सन्नू’ म्हणून अभिवादन करावे, उत्तराची वाट पाहावी आणि बोलणे पथकावर सोपवावे.

चांगली लसीकरण सेविका प्रश्न कसा विचारते ते लक्ष देऊन ऐकावे. ‘सगळ्या मुलांना डोस दिला का?’ असे विचारले की ‘हो’ एवढेच उत्तर येते आणि दार बंद होते. म्हणून ती विचारते, काल रात्री या घरात पाच वर्षांखालची किती मुले झोपली होती? पाहुणी आलेल्या बहिणीचे मूल आहे का? आत कोणी झोपले आहे का, कोणी शेतावर गेले आहे का? नव्याने जन्मलेल्या बाळाचा उल्लेख घरचे स्वतःहून क्वचितच करतात, कारण त्याला बाहेर आणायचे नसते. त्यालाही थेंब द्यायचे असतात. जुलाब किंवा साधा ताप असलेल्या मुलालाही सहसा डोस नाकारला जात नाही.

थेंब पाजण्याची पाळी आपल्यावर आलीच, तर मुलाला आईच्याच हातात राहू द्यावे. तिने मान थोडी मागे झुकवावी, आपण दोन बोटांनी गाल हलके दाबावेत, ड्रॉपर तिरपा धरून जिभेवर दोन थेंब सोडावेत आणि ड्रॉपर ओठांना किंवा जिभेला लागू देऊ नये. मुलाने थुंकून टाकले तर पुन्हा द्यावेत. मग डाव्या हाताच्या करंगळीवर मार्करची खूण करायची, आणि ती नखावर व शेजारच्या कातडीवर अशी दोन्हीकडे यायला हवी, नाहीतर दोन दिवसांत धुऊन जाते. शाई वाळेपर्यंत बोट धरून ठेवावे. त्यानंतर टॅली शीटवर रेघ आणि सर्वांत शेवटी भिंतीवर खडूची खूण. भारतात सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’ आणि कोणी राहिले असल्यास ‘एक्स’ लिहितात. इतर देशांच्या खुणा वेगळ्या असू शकतात, पण राहिलेले घर ओळखू यावे हा हेतू सगळीकडे एकच असतो.

पाहुण्याने दुपारनंतर एक काम मागून घ्यावे. ते म्हणजे राहिलेल्या घरांना पुन्हा भेट देणाऱ्या पथकाबरोबर जाणे. सकाळच्या गर्दीत फोटो चांगले येतात, पण फेरीचे यश ठरते ते या उन्हातल्या फेरीत.

फेरी संपल्यावर स्वतंत्र निरीक्षक वस्तीवस्तीत जाऊन मुलांच्या करंगळ्या तपासतात. ठरावीक पद्धतीत एका भागातील सहा ठिकाणांहून दहा-दहा अशी साठ मुले पाहिली जातात आणि फार तर तीन करंगळ्या कोऱ्या निघाल्या तर तो भाग उत्तीर्ण धरतात. लिहिता-वाचता येणाऱ्या, त्रयस्थ पाहुण्याला या कामात खरा वाव असतो. कधी कधी थेंब न पाजताच करंगळी रंगवल्याचेही आढळते. तसे दिसले तर पर्यवेक्षकाला एकांतात सांगावे. चारचौघांत सेविकेला जाब विचारू नये, कारण तिला त्याच वस्तीत उद्याही काम करायचे असते आणि कित्येकदा तिच्यावर दबाव कुणाच्या तरी घरच्या पुरुषांचा असतो.

नकार देणारी घरे

नकाराला अडाणीपणा समजणे ही पाहुण्याची पहिली चूक ठरते. नायजेरियातील कानो राज्यात २००३ साली या लशीने वंध्यत्व येते अशी अफवा पसरली, राज्याने लसीकरण थांबवले आणि ते २००४ मध्ये, मुस्लिमबहुल इंडोनेशियात बनलेली लस आणल्यावर, पुन्हा सुरू झाले. तोवर उत्तर नायजेरियातील विषाणू सुमारे वीस देशांत पसरला होता. दैवदुर्विलास असा, की २००५ मध्ये त्याच वंशाच्या विषाणूने खुद्द इंडोनेशियातही उद्रेक घडवला. आपल्याकडे मुरादाबाद आणि पश्चिम उत्तर प्रदेशात हीच अफवा ऐकू येत होती, आणि ती शमली ती स्थानिक इमाम, शिक्षक, वस्तीतल्या बाया यांच्या धीराच्या कामामुळे. संशयाला कधी कधी खरेच कारणही मिळते. २०११ साली पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी लसीकरणाचा बनाव वापरला गेला, आणि त्याची किंमत पोलिओ कर्मचारी अजून मोजत आहेत.

म्हणून नकाराच्या घरात पाहुण्याने वाद घालू नये, आकडेवारी सांगू नये आणि दुसऱ्यांदा विचारूही नये. पथक गावच्या मुखियाला किंवा धर्मगुरूला घेऊन परत जाते, तेव्हा बोलावले तरच सोबत जावे. भारतीय माणसाला मात्र एक गोष्ट सांगता येते, जी युरोपियन पाहुण्याला सांगता येत नाही. आमच्या देशातही अशीच दाट वस्ती, उघडी गटारे आणि अशाच शंका होत्या, हेच थेंब आमच्या मुलांनी घेतले आणि २०११ नंतर तिथे हा रोग राहिला नाही. एवढे दोन वाक्यांत सांगून गप्प बसावे. अनेक घरांत प्रश्न पोलिओचा नसतोच. गावाला पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही, आणि सरकार दर महिन्या-दोन महिन्यांनी फक्त थेंब घेऊन का येते, असा त्यांचा रास्त सवाल असतो. त्यावर ‘मी पाहतो’ असे आश्वासन देऊ नये. तक्रार ऐकून पर्यवेक्षकाच्या कानावर घालावी.

फोटो, भेटवस्तू, सुरक्षा

मुलाचा फोटो आईची परवानगी घेतल्याशिवाय काढू नये, आणि तिने दिली तरी मुलाचे नाव, गाव किंवा घराची खूण सामाजिक माध्यमांवर टाकू नये. चॉकलेट, फुगे, पेन स्वतःच्या हाताने वाटू नयेत. शिट्ट्या, साबण अशा वस्तू अनेक मोहिमांत ठरवून दिल्या जातात; आणायच्याच असतील तर आधी विचारून आणाव्यात आणि पथकाच्या हाती द्याव्यात. पाहुण्याने एका गल्लीत खेळणी वाटली, की दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या आया रिकाम्या हाताने आलेल्या सेविकेला जाब विचारतात.

कुठे जायचे नाही, किती वाजता परतायचे, कोणती गाडी वापरायची हे यजमान ठरवतात आणि त्यावर चर्चा होत नाही. ऐनवेळी एखादा जिल्हा रद्द झाला तर कारण विचारून त्यांना अडचणीत टाकू नये. कपडे साधे, अंग झाकणारे असावेत. लष्करी छापाचे अजिबात नसावेत. पाण्याची बाटली, टोपी, ओआरएसची पाकिटे आणि मळखाऊ बूट एवढे जवळ असले की पुरते.

परतल्यावर

मलेरियाच्या गोळ्या घरी पोहोचल्याबरोबर बंद करू नयेत. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेत असल्यास ती धोक्याचा भाग सोडल्यावर आणखी चार आठवडे आणि अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असल्यास आणखी सात दिवस घ्यावी लागते. पुढील काही महिन्यांत ताप आला तर व्हायरल समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कोणत्या देशात आणि कधी होतो हे त्यांनी विचारण्याआधी सांगावे आणि मलेरियासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी.